पाच पावलांवरचं मुंगूस

माझ्या वडिलांनी मला फसवलं. भर दुपारी, पूर्ण शुद्धीत, आईच्या समक्ष, आणि तेही मी स्वतः भांडून मिळवलेल्या अटींवर फसवलं. पुढे आयुष्यभर मी संगमरवर आणि टाइल्स विकल्या. ट्रकवाले, ठेकेदार, बिल्डर, सगळ्यांनी मला गंडवायचा प्रयत्न करून पाहिला आणि त्यांतल्या बहुतेकांना मी घाम फोडून परत पाठवलं. पण ज्या माणसानं जन्मात कधी भाजीवाल्याशी घासाघीस केली नाही, जो सांगेल त्या भावाला कांदे घेऊन घरी येई आणि आईची बोलणी खाई, त्या माझ्या सुभेदार वडिलांनी मला असं गुंडाळलं की आपण गुंडाळले गेलो एवढं कळायलाच मला अर्धं आयुष्य लागलं. म्हणून हे प्रकरण लिहिते आहे. बाकीची प्रकरणं मी नातवंडांसाठी लिहिली. हे अण्णांसाठी.

अण्णा फौजेतून निवृत्त झाले तेव्हा दिल्ली कँटोनमेंटमधली आमच्या ओळखीची सगळी घरं ट्रंका बांधून सातारा-सांगलीकडे निघून गेली. आम्ही मात्र उलट्या दिशेला, गुडगावच्याही पलीकडे गेलो. तिथं एका नव्या कॉलनीत अण्णांना सिक्युरिटी इनचार्जची नोकरी मिळाली होती. कॉलनीच्या पाटीवर कारंजं, गुलाब आणि हसरी मेमसाहेब रंगवलेली होती. पाटीच्या मागे कीकरची काटेरी झुडपं, खडक, चुन्यानं आखलेले रिकामे प्लॉट आणि पंधरा-सोळा कोठ्या, म्हणजे बंगले, त्यांतल्या निम्म्यांना अजून खिडक्या नव्हत्या. आज तिथं मजले मोजताना मान दुखते. तेव्हा दुसऱ्या मजल्यावर चढलं की कुतुबमिनार दिसतो असं तिथले लोक सांगत आणि प्लॉट विकत. मी कितीदा चढून पाहिलं, मला कधी दिसला नाही.

आम्हाला गेटाशेजारी दोन खोल्या होत्या, मागे अंगण, आणि अंगणाला लागून झाडी. पहाटे मोर केकाटत. मग कुठल्यातरी कोठीचा जनरेटर धडधडू लागे, आणि ऊन वर आलं की डोंगराच्या बाजूनं खाणीतल्या सुरुंगाचा आवाज येई, त्यासरशी फळीवरचे डबे एकमेकांना लागत. आईचं घड्याळ तेच होतं. मोराला ती उठायची, जनरेटरला चहा, सुरुंगाला भाकऱ्या. ज्वारी तिकडे मिळायची नाही, गावाकडून येणाऱ्या एखाद्या जवानाच्या पेटीतून दोन-तीन किलो आली तर सणच. पण हरयाणात बाजरी ढिगानं. थंडीत आमच्याकडे रोज बाजरीची भाकरी, लसणाची चटणी आणि मेथी असे. मेथी निवडायला आई अंगणात पाय पसरून बसे, आणि तिच्याभोवती तिच्या कोंबड्या.

चौदा कोंबड्या होत्या, सगळ्या गावठी. त्यांची अंडी कोठ्यांमधून विकण्याचं काम माझं. नव्या पैशाच्या लोकांना 'देसी' हा शब्द ऐकला की काहीतरी होतं, हे मला सतराव्या वर्षीच कळलं होतं. भाव करायला मी सरोजिनी नगरच्या बाजारात शिकले. आई कपड्यांच्या ढिगाशी उभी राहून नुसती लाजायची, मग मीच पुढे होऊन दुकानदाराला घाम फोडायची. माझा नियम एकच होता, अजूनही आहे. समोरच्यानं काहीही देऊ केलं तरी पहिल्या फटक्यात 'हो' म्हणायचं नाही. ते देणं आपल्या फायद्याचं असलं तरी नाही. हा नियम लक्षात ठेवा, कारण माझा गळा त्यानंच कापला गेला.

एका सकाळी दोन कोंबड्या कमी निघाल्या. तिसऱ्या दिवशी आणखी एक. पिसं झाडीकडे गेलेली. चौथ्या दिवशी मी स्वतः पाहिलं, लांबसडक, करड्या-तपकिरी रंगाचं मुंगूस अंगणाच्या कडेनं सावकाश चालत आलं, आमच्याकडे एकदा बघितलं आणि एक अंडं घेऊन गेलं. मी पायातली चप्पल काढेपर्यंत आईनं हातातली मेथी खाली ठेवली आणि चक्क हात जोडले.

"आई, ते आपल्या कोंबड्या खातंय!"

"खाऊ दे. सकाळी सकाळी मुंगूस दिसायला भाग्य लागतं. कँटोनमेंटात एवढी वर्षं राहिलो, एकदा तरी दिसलं का?"

"तिथं आपल्याकडे कोंबड्या होत्या का?"

"तेच म्हणते मी. आपल्याकडे भाग्य नव्हतं."

अशा माणसाशी भाव कसा करायचा? आईनं त्याच दुपारी अण्णांना गाठून स्वतःच्या डोक्यावर त्यांचा हात ठेवून घेतला आणि शपथ घालून टाकली, की मुंगसावर तुम्ही हत्यार उचलायचं नाही. अण्णांनी शपथ घेतली. फौजेत ते शस्त्रांचे उस्ताद होते, नव्या रंगरुटांना रायफल शिकवायचे. पण घरात आईचा हुकूम चाले.

इथं भसीनसाहेब आले. भसीनसाहेब म्हणजे कॉलनीच्या रहिवासी संघाचे सेक्रेटरी, कुठल्याशा सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, आणि आमच्या अंड्यांचे सगळ्यात मोठे गिऱ्हाईक. त्यांच्याकडे नुकतंच केबल लागलं होतं. दिवसभर ते जंगली जनावरांचे कार्यक्रम बघत आणि संध्याकाळी गेटावर येऊन अण्णांना सांगत. अंडी कमी का येतात म्हणून त्यांनी विचारलं, आणि मी मुंगसाचं सांगितलं. त्यांचा चेहरा एकदम गंभीर झाला.

"सुबेदार साब," ते म्हणाले, "ये प्रिडेटर है."

"नेवला है, साब," अण्णा म्हणाले.

"नेवला आपके लिए होगा. टेक्निकली प्रिडेटर है. आज मुर्गी, कल क्या?"

दुसऱ्या दिवशी गेटावर इंग्रजीत नोटीस लागली, की आवारात एक शिकारी श्वापद वावरत आहे, लहान मुलांना एकटं सोडू नये. श्वापद कोणतं ते लिहिलं नव्हतं. चार नंबरच्या मेमसाहेबांनी बिबट्या धरला. सहा नंबरवाल्यांनी मुलांना आजोळी पाठवलं. अण्णांच्या हाताखालचे दोन गार्ड काठ्या टाकून कुऱ्हाडी घेऊन फिरू लागले, आणि ज्याच्यामुळे हे सगळं चाललं होतं ते मुंगूस आता सकाळ सोडून रोज दुपारी दोनच्या सुमारास आमच्या अंगणात येऊन भाग्य वाटून जात होतं.

तिसऱ्या दिवशी भसीनसाहेब हातात लांब खोकं घेऊन आले. आत त्यांच्या कॅनडाच्या जावयानं आणलेली छर्ऱ्याची बंदूक होती, आणि तिच्यावर दुर्बीण. तशी वस्तू आमच्या घरात कुणी पाहिली नव्हती. काळी, गुळगुळीत, आत डोळा लावला की मधोमध बारीक फुली. भसीनसाहेबांना ती फार आवडायची आणि तिची फार भीतीही वाटायची. म्हणून त्यांनी ती मोहीम फत्ते होईपर्यंत अण्णांच्या ताब्यात दिली. अण्णांनी शपथेचं सांगितलं नाही. साहेबांपुढे बायकोची शपथ कोण सांगतो? त्यांनी बंदूक घेतली, सलाम ठोकला, आणि भसीनसाहेब वळल्यावर माझ्याकडे बघितलं. शपथ फक्त त्यांना होती. मला कुणी घातली नव्हती.

आता खरी गोष्ट सांगते, कारण मुंगूस हे निमित्त होतं. माझी बारावी झाली होती. कॉलनीच्या बिल्डरच्या साइट ऑफिसमध्ये एक खुर्ची रिकामी होती. येणाऱ्या गिऱ्हाइकाला प्लॉट दाखवायचे, चहा द्यायचा, बोलून गळाला लावायचं. काच लावलेलं, थंड हवेचं ऑफिस. मॅनेजर माझ्याकडून अंडी घ्यायचा. मी त्याच्याशी ज्या तऱ्हेनं भांडायची ते पाहून त्यानंच मला विचारलं होतं. मी दोन दिवस जमिनीवर नव्हते. अण्णांचा बेत वेगळा होता. साताऱ्याकडे आमच्या गावी वत्सलाआत्या होती, तिच्या घरी राहून मी डी.एड. करायचं, शाळामास्तरीण व्हायचं, म्हणजे लग्नाच्या बाजारातही बरं. "दिल्ली आपली नव्हे," ते म्हणत. रोज जेवताना हे भांडण. भाकरीचा पहिला तुकडा मोडला की मी सुरू करायची आणि आई ताटात तूप वाढून दोघांची तोंडं बंद करायला बघायची.

एका दुपारी अण्णा कंटाळून म्हणाले, "शके, आमच्या पलटणीत दोन जवान असे भांडायला लागले की उस्ताद त्यांना रेंजवर न्यायचा. ज्याच्या गोळ्या जवळ जवळ बसल्या त्याचं खरं. मग कुणी तोंड उघडायचं नाही. बोल, आहे तयारी?"

"म्हणजे?"

"मुंगूस मारलंस तर साइट ऑफिस. चुकलीस तर आत्याचं घर. पुन्हा जेवताना हा विषय नाही."

चुलीपुढून आई ओरडली, "आणि माझं काय?"

"तू देवाला हात जोड," अण्णा म्हणाले. "ज्याचं नशीब त्याचं."

त्यांनी मला चार दिवस शिकवलं, आणि खरंच मन लावून शिकवलं, हे कबूल करते. अंगणाच्या भिंतीशी काड्यापेटी ठेवून पंचवीस पावलं मोजली. दुर्बिणीवरचे दोन छोटे स्क्रू पाव-पाव फिरवत, छर्रा मारत, पुन्हा फिरवत, शेवटी फुली जिथं तिथंच छर्रा लागेल असं केलं. "हिला झिरो केली म्हणतात. आता ती पंचवीस पावलांवर खोटं बोलणार नाही," असं म्हणाले. पंचवीस पावलांवर, हे शब्द त्यांनी वापरले होते. मला आजही त्यांचा आवाज ऐकू येतो. मी ऐकलं आणि सोडून दिलं. मग त्यांनी श्वास शिकवला. अर्धा सोडायचा, थांबायचं, बोट ओढायचं नाही, दाबायचं. चौथ्या दिवशी मी दहातल्या नऊ वेळा काड्यापेटी उडवत होते. अण्णांनी "शाबाश" म्हटलं. हा शब्द ते वर्षातून एकदा काढत.

अटी ठरवायला आम्ही अंगणात बसलो. आई मेथी निवडत होती.

"पंचवीस पावलं," अण्णा म्हणाले. "तीन छर्रे. एकही लागला तरी तू जिंकलीस."

याहून चांगला सौदा मला आयुष्यात कुणी देऊ केला नाही. पण तो पहिला भाव होता.

"पंचवीस फार झाली," मी म्हणाले.

"कालच दहात नऊ मारलेस की पंचवीसवरून!"

"काड्यापेटी पळते का? मुंगूस पळतं. दहा."

"दहा? अगं, दहा पावलांवर ते तुला चहा मागेल. बरं, वीस."

"पंधरा. वाटलं तर एक छर्रा परत घ्या."

अण्णांनी भुवई वर केली. "छर्रा परत?"

"तिनाचे दोन करा. मला जवळून पाहिजे."

"ठीक. पंधरा, दोन छर्रे."

समोरचा इतक्या लवकर 'ठीक' म्हणतोय म्हणजे अजून जागा आहे, हे कुठल्याही बाजारात बसलेल्या माणसाला कळतं. मी पुढे सरकले.

"आणखी एक परत घ्या. पाचावर आणा."

आता मात्र अण्णांनी मिशीवरून हात फिरवला. "शके, पाच पावलं म्हणजे हे इथून तो हौद. एकच छर्रा उरतो. नीट विचार केलास?"

"एकच लागतो."

"पुन्हा सांगतो. पंचवीस आणि तीन अजून खुलं आहे."

"पाच आणि एक. आणि पावलं माझी. तुमचं पाऊल परेडचं, तीस इंचाचं. मी फसणार नाही."

त्यांनी आईकडे बघितलं. आईनं त्यांच्याकडे बघितलं. मग दोघांनीही मेथीकडे बघितलं. मला वाटलं, हरले. मला वाटलं, मी एका उस्तादाला त्याच्याच अंगणात पंचवीसवरून पाचावर आणलं, वीस पावलांचा नफा!

"मंजूर," अण्णा म्हणाले. मी खूश होऊन रात्री दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात एक वीट ठेवली, तिच्याजवळ एक अंडं. अंडं आईनं स्वतः निवडून दिलं, चांगलं मोठं, नैवेद्याला द्यावं तसं. माझी पाच लहान पावलं मोजून बाज आडवी उभी केली, तिच्यावर अण्णांची फौजी कांबळ टाकली, आणि मी मागे पालथी पडले. कोंबड्या खुराड्यात. आई उंबऱ्यावर. अण्णा बाजूला शिट्टी घेऊन उभे. रेंजवर शिट्टीशिवाय गोळी सुटत नाही म्हणे. भसीनसाहेब घडीची खुर्ची, हिरवी टोपी आणि गळ्यात आणखी एक मोठी दुर्बीण घालून आले. ते माझ्या मागे तीन पावलांवर बसले आणि आठ पावलांवरची वीट दुर्बिणीतून बघू लागले.

"सब्जेक्ट विल कम फ्रॉम द लेफ्ट," ते हळूच म्हणाले.

ते उजवीकडून आलं. नेहमीसारखं सावकाश. बाजेकडे बघितलं, भसीनसाहेबांच्या टोपीकडे जरा जास्त वेळ बघितलं, आणि विटेपाशी गेलं. मी दुर्बिणीला डोळा लावला, आणि आत मुंगूस नव्हतंच. आत नुसते केस होते. धुरकट, तपकिरी, अख्ख्या काचेत भरलेलं वाळकं गवत. पंचवीस पावलांवर जी दुर्बीण काड्यापेटीवरचं चित्र दाखवायची, ती पाच पावलांवर मुंगसाचं अस्वल करून दाखवत होती. हे त्याचं डोकं की ढुंगण, मला कळेना. मी नळी जरा डावीकडे नेली. केस. उजवीकडे नेली. केस, मग काहीच नाही, मग विटेचा लाल रंग. घाम डोळ्यात आला. मागून भसीनसाहेब कुजबुजत होते, "मैग्निफिसेंट... मैग्निफिसेंट..."

मग ते मागच्या पायांवर उभं राहिलं. मुंगूस अंडं कसं फोडतं ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगते. पुढच्या दोन पायांत ते अंडं धरतं आणि दगडावर मागे भिरकावतं. तसंच ते उभं राहिलं, अंडं हनुवटीखाली छातीशी धरून, आणि नेमका त्या क्षणी त्याचा डोळा माझ्या काचेत आला. धूसर, पण डोळाच, मण्यासारखा. मी फुली त्या डोळ्यावर ठेवली. अण्णांनी हळूच, जेमतेम ऐकू येईल अशी शिट्टी फुंकली. अर्धा श्वास सोडला. थांबले. मला साइट ऑफिसची काच दिसत होती. दाबलं.

फट्.

अंडं फुटलं. मुंगसाच्या हातातल्या हातात, डोळ्याच्या दोन बोटं खाली. मुंगूस हातभर उडालं, खाली आलं, स्वतःच्या पिवळ्या झालेल्या पंजांकडे बघितलं, आणि शांतपणे बसून चाटू लागलं. त्याला दगडावर आपटायचे श्रम पडणार होते, तेही मी वाचवले होते. बलक संपवून त्यानं वीट चाटली. मग माझ्याकडे एकदा बघितलं. उपकार मानल्यासारखं नव्हे, उद्या याच वेळेला या असं सांगितल्यासारखं. आणि गेलं.

सगळ्यांत आधी भसीनसाहेबांनी टाळ्या वाजवल्या.

"वाह, बेटी, वाह! अंडा उड़ा दिया! इतनी छोटी चीज़! सुबेदार साब, आपकी बेटी तो शार्पशूटर निकली!"

त्यांची समजूत झाली होती की श्वापदाला जखमी न करता, त्याच्या हातातला घास हिरावून त्याला जरब बसवायची असा आमचा डाव होता. संध्याकाळपर्यंत त्यांनी ही गोष्ट सगळ्या कोठ्यांत सांगितली, आणि दुसऱ्या दिवशी गेटावर नवी नोटीस लागली की परिस्थिती नियंत्रणात आहे. चार नंबरच्या मेमसाहेब मला मिठाई घेऊन आल्या. बिबट्याच्या तोंडून बकरी सोडवली असं त्यांच्यापर्यंत पोचलं होतं.

आई उंबऱ्यावर हात जोडून बसली होती. अण्णांनी शिट्टी खिशात घातली. "मिस," एवढंच म्हणाले, आणि बंदूक पुसायला घेतली. मी बाजेमागून उठले, कांबळ पायाखाली तुडवली, बंदुकीला, कॅनडाला, जावयाला शिव्या घातल्या आणि अण्णांना म्हणाले, "बंदूक वाकडी आहे!"

अण्णांनी एक छर्रा भरला, उभ्या उभ्या पंचवीस पावलांवरच्या भिंतीवरची काड्यापेटी उडवली, आणि बंदूक खोक्यात ठेवली. सौदा मीच केला होता. अटी माझ्या, पावलंसुद्धा माझी. तक्रार कुणाकडे करणार?

मी आत्याकडे गेले. दोन वर्षं काढली. फळ्यावर गाई-म्हशी काढल्या, बालमानसशास्त्र पाठ केलं, आत्याच्या गोठ्यातलं शेण काढलं, आणि मास्तरकी न करता दिल्लीकडे परतले. साइट ऑफिसमधली खुर्ची दुसऱ्या एका मुलीला मिळाली. पाच वर्षांनी तिच्या स्वतःच्या एजन्सीच्या काचेमागे मीच टाइल्सचे नमुने घेऊन ताटकळत बसले होते, आणि तिनं मला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. मी पुढे मोठी झाले ती माझ्या जोरावर. पण दोन वर्षं उशिरा. त्या भागात तेव्हाची दोन वर्षं म्हणजे काय, हे तिथं ज्यांनी जमीन घेतली आणि ज्यांनी घेतली नाही त्या दोघांना विचारा. आईचं पहिलं पत्र आलं त्यात लिहिलं होतं की ती रोज दुपारी विटेवर एक अंडं ठेवते, तेव्हापासून एकही कोंबडी गेली नाही. ते पत्र मी फाडलं.

गेल्या वर्षी माझ्या गोदामात उंदरांनी उच्छाद मांडला. विषाला कंटाळून मी दिल्लीत एका दुकानात छर्ऱ्याची बंदूक बघायला गेले, दुर्बीणवालीच. दुकानदार म्हातारा होता, मी त्याला निम्म्यावर आणला होता. बोलता बोलता तो म्हणाला, "मैडम, एक बात. चूहा पास में हो तो निशाना दो उंगली ऊपर रखना."

"क्यों?"

त्यानं दोन पेन्सिली घेतल्या. एक टेबलावर आडवी ठेवली. "ये नली." दुसरी तिच्या दोन बोटं वर धरली. "ये दूरबीन. आँख ऊपर से देखती है, छर्रा नीचे से चलता है." मग त्यानं वरच्या पेन्सिलीचं टोक जरासं खाली झुकवलं. पुढे दूर कुठेतरी दोन्ही रेषा भेटतील अशी. "जहाँ झीरो किया, वहाँ दोनों मिलते हैं. उससे पहले, जितना पास जाओगे, छर्रा उतना नीचे. ये तो हर फौजी उस्ताद पहले दिन सिखाता है."

मी त्या पेन्सिलींकडे बघत राहिले. डोळ्याच्या दोन बोटं खाली. मग मी पाकीट काढलं आणि त्यानं सुरुवातीला सांगितलेली पूर्ण किंमत देऊन टाकली. आयुष्यात एकदाच. म्हाताऱ्यानं घाबरून मला खुर्ची दिली आणि पाणी मागवलं.

तिथून मी थेट घरी आले. अण्णा माझ्याकडेच असतात, अठराव्या मजल्यावर, बाल्कनीत. आईला जाऊन आता तीन वर्षं होतील. बंदूक खोक्यासकट मी त्यांच्या मांडीवर ठेवली.

"अण्णा, दुर्बीण नळीच्या वर असते."

"असतेच की. खाली लावली तर दिसणार कसं?"

"पाच पावलांवर छर्रा खाली जातो."

"जातो. दोन बोटं. तुझ्या पावलांनी थोडा जास्तच."

"तुम्हाला माहीत होतं!"

"उस्ताद होतो मी."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"तू विचारलं नाहीस," अण्णा म्हणाले. "तू भाव करत होतीस. गिऱ्हाईक आपणहून किंमत वाढवत असताना दुकानदारानं त्याला मधे थांबवायचं, असं तुझ्या धंद्यात करतात काय? आणि पंचवीस आणि तीन खुलं आहे, हे मी दोनदा सांगितलं होतं."

मी पाच मिनिटं बोलत होते. काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही, खालच्या मजल्यावरून फोन आला. माझा श्वास संपला तेव्हा मी एकच विचारलं. मला गावी धाडायचं म्हणून गप्प बसलात, की आईचं मुंगूस वाचावं म्हणून? त्यांनी आकाशाकडे बघितलं, कानातलं यंत्र काढलं, रुमालात गुंडाळलं आणि खिशात ठेवलं.

त्यानंतर चार महिने झाले. हा विषय निघाला की यंत्र खिशात जातं. म्हणून मी हे लिहून काढलं आहे. आता ते त्यांच्यापुढे धरणार. डोळे त्यांचे अजून पक्के आहेत, ऑपरेशन करून घेतल्यावर वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातीसुद्धा वाचतात, तेव्हा दिसत नाही हे कारण चालणार नाही. अण्णा, बंदूक तुमच्या हातात होती, शिट्टी तुमच्या तोंडात होती, आणि तुम्ही आईकडे बघितलंत ते मी पाहिलं. लेकीला दिल्लीतून घालवायची होती, की बायकोचं मन राखायचं होतं? दोन्हींतलं कुठलंही उत्तर मला चालेल. आई आता सांगायला नाही. मुंगूस नाही. भसीनसाहेब नाहीत. तुम्ही आहात. उत्तर द्या.